भुशाचं कपाट आणि सात पावसाळे

आमच्या स्वयंपाकघरात सगळं जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, पाण्याच्या कळशा जमिनीवर. भात झाला की तपेलं उतरवायचं तेही जमिनीवरच. आई दिवसभर खाली बसायची, उठायची, पुन्हा बसायची. कुंभारवाड्याच्या रानातल्या आमच्या वाडीत घरोघरी हेच होतं, त्यामुळं त्यात काही अवघड आहे असं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

पावसाळ्याचं सामान मात्र डोळ्यांत पाणी आणायचं. आमच्याकडं बस आधीच कमी, त्यात पावसात तिचा भरवसा नाही. म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांचं मीठ, डाळ, गूळ, मिरची घरात भरून ठेवायची. ठेवायची कुठं? भिंतीकडेला, फळीवर, नाहीतर वाशाला टांगून. जुलै लागला की मिठाचं पाणी व्हायचं, डाळीवर पांढरी बुरशी धरायची, गुळाला मुंग्या आणि उरलेल्याला उंदीर. ती बुरशीची डाळ आई चार पाण्यांनी धुवायची आणि आम्ही खायचो. टाकून देण्यासारखी परिस्थिती नव्हती. माझे वडील जंगलात मजुरीला जायचे, शिवाय थोडी भातशेती. शाळेत डबा उघडताना मी पाठ फिरवून बसायचे, कारण आमटीला वास यायचा.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दांडेलीत हॉस्टेलवर असताना आईची कंबर गेली. लाकडाचा भारा उतरवताना ती जी वाकली ती सरळ होईना. बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मणका सरकलाय. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. हे पाळलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "चुलीम्होरं बसायचं न्हाई, तर मग मी घरात करायचं तरी काय गे?"



पुढचं वर्ष-सव्वा वर्ष वडिलांनी स्वयंपाक केला. स्वयंपाक म्हणजे पेज आणि मीठ, पेज आणि लोणचं. आई खाटेवरून सांगायची, "फोडणी जळली," आणि वडील म्हणायचे, "जळू दे, वास तरी आला." हसण्यावारी न्यायचे, पण आईचं तोंड उतरलेलं असायचं. माझी आई बोलकी बाई. ती त्या वर्षी पाहुण्यासारखी घरात राहिली. दुखण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. पदवीनंतर मला बेळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि हातात पगार आल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आईला उभ्यानं स्वयंपाक करता आला पाहिजे.

ओटा बांधायचा म्हटलं तर मेस्त्रीनं मातीची भिंत दाखवून मान हलवली. सुताराकडून लाकडाचं करून घ्यायचं तर ते माझ्या आवाक्याबाहेर. रानात राहतो म्हणून रानातलं झाड तोडता येतं असं नाही, हा तर कायदाच. लॅबमधल्या एका मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवलं. सुट्या फळ्यांचं कपाट, खोक्यातून येतं, आपण घरी जोडायचं. खाली दोन कपाटं, त्यांच्यावर गॅस ठेवायला फळी, आणि भिंतीवर लावायचं एक. होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त मी मागवलं, आणि गॅसची शेगडीही घेतली.

आमच्या वाडीपर्यंत कंपनी येणार नव्हती. वाटेवरच्या गणेशगुडीच्या एका दुकानदारानं खोकी पाच दिवस आपल्या दुकानात ठेवून घेतली, भाडं विचारलं तर हात जोडले. तिथून ती जीपच्या टपावर आली आणि शेवटची पायवाट वडिलांच्या आणि माझ्या डोक्यावरून.

खोकं उघडल्यावर वडिलांनी एक फळी उचलली, तिची कापलेली कड बोटानं खरवडली, वास घेतला. जन्मभर साग आणि शिसव ओळखलेला माणूस. म्हणाले, "बाये, हे लाकूड न्हवं. भुसा हाय. भुसा दाबून वर कागद चिकटवलाय."

"बा, स्वस्तातलं असंच असतंय."

"तसं न्हाई. जन्मभर सागाचं ओंडकं वाहिलं, आन माझ्या घरात काय आलं, तर सागाचा भुसा!" आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शेजारची काकी उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. तिनं एक फळी टिचकी मारून वाजवली. "शिकल्याली पोर म्हनून काय सांगायचं! रानात ऱ्हायाचं आन कपाट भुशाचं. एक पावसाळा काढला तर मला सांग."

सोबत आलेल्या वाकड्या चावीनं स्क्रू फिरवत आम्ही संध्याकाळपर्यंत दोन्ही कपाटं उभी केली. एक दार आधी उलटं बसलं. भिंतीवरचं कपाट मातीच्या भिंतीत स्क्रूच धरेना, तेव्हा वडिलांनी त्याला काथ्याच्या दोरीनं चारी बाजूंनी आवळून शिंक्यासारखं वाशाला टांगलं. कंपनीच्या चित्रात तसं नव्हतं, पण ते पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उभी राहून भाकरी थापायला लागली. हाताला जोर येईना, दोन भाकऱ्या फाटल्या. "उभ्यानं भाकरी थापायची म्हंजे बसमधी जेवल्यागत वाटतंय," ती म्हणाली. तिसरी भाकरी फुगली. वडिलांनी ती ताटात न घेता तव्यावरूनच उचलली.

हे मेमधलं. मी बेळगावला परतले आणि जुलैपर्यंत मला रजा मिळाली नाही. फोन लागायचा तेव्हा आई "बरं हाय, बरं हाय" म्हणायची. मी आले तर कपाटाच्या पुढं जुन्या लुगड्याचा पडदा लावलेला. आणि आई खाली. चुलीपुढं. एक हात कंबरेवर.

मी पडदा ओढला. दोन्ही कपाटांची तळफळी फुगून अंबाड्यासारखी वर आली होती. वरचा कागद सुटून लोंबत होता, दारं लागत नव्हती, आणि वरची फळी कलली म्हणून शेगडी उतरवून ठेवलेली. आणि कपाटाच्या खाली, मागं, कोपऱ्याकोपऱ्यात वाळून भेगाळलेलं शेण.

झालं होतं असं. भात साठवायला आमच्याकडं बांबूचा कणगा असतो. पावसाळ्याआधी त्याला आतून बाहेरून शेणमातीनं सारवतात, बुडाशी तर लिंपून जमिनीशी एक करतात. मग उंदीर शिरत नाही, कीड लागत नाही. आईनं आयुष्यभर कणगा असाच राखला होता. नव्या कपाटात आपण चार महिन्यांचं सामान भरणार, तर त्यालाही तसंच राखायला पाहिजे, असं तिला वाटलं. कपाटाच्या पायांमधली मोकळी जागा तिनं मातीनं भरून काढली आणि मागून, खालून दोन हात शेणकाला दिला. काडीएवढी फट ठेवली नाही. सरकलेला मणका घेऊन, वाकून.

बांबूला जे मानवतं ते भुशाला मानवत नाही, हे तिला कुणी सांगायचं? मी सांगायला हवं होतं. ते न करता मी ओरडले. "आये, तुला काय कळतंय काय? विचारायचं तरी होतंस!"

 आई एवढंच म्हणाली, "लेकीनं पयलं काय तरी घरात आनलं. ते जपावं म्हनलं."

 पदवीनं मला पुष्कळ दिलं, पण त्या दिवशी तिचा मला घरात काही उपयोग झाला नव्हता, उलट जीभ तेवढी लांब झाली होती.

रात्रीचा स्वयंपाक आईनं चुलीपुढं बसूनच केला. सकाळी तिला उठवायला वडील आणि मी, दोघं लागलो. पुन्हा डॉक्टरांकडं न्यायची वेळ फार लांब नाही हे तिघांनाही दिसत होतं.

निघताना मी फुगलेल्या फळीचा एक तुकडा आणि खोक्यातल्या उरलेल्या चांगल्या पट्टीचे चार तुकडे पिशवीत घातले. वडील म्हणाले, "ते कशाला?"

"बघते, पाणी कुठनं शिरतंय."

तेव्हा वडिलांनी फणसाच्या झाडाखालच्या खोपटातून एक बाटली आणून दिली. काजूच्या टरफलाचं काळं तेल. आमच्याकडं नांगराला, घराच्या खांबाला, वाशांना हे लावतात. वाळवी येत नाही, पाणी मुरत नाही. हाताला लागलं तर मात्र फोड येतात. "एका तुकड्याला हे लाव," ते म्हणाले. "शाळा न्हाई शिकलो, पन लाकडाचं मला कळतंय."

लॅबमध्ये मी चांगले चार तुकडे चार काचेच्या भांड्यांत पाण्यात ठेवले. एक नुसता. एकाच्या कडेला मेण. एकाच्या कडेला चिकटपट्टी. एकाला वडिलांचं तेल दोनदा लावून वाळवलेलं. आमचे साहेब सकाळी आले, भांडी बघून म्हणाले, "हे कुणाचं सॅम्पल?" मी म्हटलं, "आमच्या कपाटाचं." ते हसले, पण भांडी हलवू दिली नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून येताजाता स्वतःच वाकून बघायला लागले.

नुसता तुकडा दुसऱ्याच दिवशी फुगला. चिकटपट्टी तिसऱ्या दिवशी सुटली. मेणाचा एका कोपऱ्यातून फुगत गेला. तेलाचा तुकडा आठव्या दिवशी होता तेवढाच होता. एक गोष्ट नीट कळली. वरच्या कागदातून पाणी शिरत नाही, शिरतं ते कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. कडा बंद केल्या आणि खालून वारं खेळतं ठेवलं तर भुसाही टिकतो.

मी फोन करून वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आमी खांबाला तेच करतोय. आधी शेंडा-बूड, मग अंग."

ऑगस्टमध्ये चार दिवसांची रजा काढून गेले. पायांमधली सगळी माती उकरून काढली. फुगलेल्या तळफळ्या टाकल्या. आमच्या परसातला दुसरा एक फणस काही वर्षांपूर्वी वादळात पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर वाळत पडल्या होत्या. वडिलांनी त्यांतल्या दोन तासून तळाला बसवल्या. बाकीच्या फळ्या सोडवून उन्हाची तिरीप येईल तशी अंगणात उभ्या केल्या, पाऊस आला की आत पळवल्या. मग हाताला खोबरेल चोपडून, फडक्यानं सगळ्या कडांना बाहेरून तेल. आत नाही, कारण आत खायचं सामान राहणार. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते, त्या भोकांत वडिलांनी बांबूच्या काड्या डिंकात बुडवून ठोकल्या आणि स्क्रू पुन्हा पिळले. ते पकडले ते पकडलेच.

आई खाटेवर बसून बघत होती. सगळं झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आये, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं."

"कायी तरीच," ती म्हणाली. "आता खालनं झाडू फिरंल एवढी जागा हाय न्हवं? मग मी शेण लावत न्हाई, तू वराडू नको."

त्यानंतर सारवण कपाटापासून एक वीत अलीकडं थांबतं. दर मेमध्ये सामान भरण्याआधी वडील कडांना तेलाचा एक हात देतात, बिजागरीला खोबरेल पुसतात. एका दाराचा कागद कोपऱ्यात सुटलाय, एक खण थोडा अडतो, टांगलेल्या कपाटाची दोरी दोनदा बदलली. नवं दिसतं असं मी म्हणणार नाही. पण मिठाचं पाणी होणं बंद झालं. डाळीला बुरशी नाही.

मागच्या वर्षी शेजारच्या काकीच्या सुनेनं तसलंच कपाट मागवलं. काकी स्वतः आईकडं आली, इकडंतिकडं बघत म्हणाली, "ते काळं त्याल जरा दे की गे."

"कशाला? भुशाचं कपाट एक पावसाळा बी काढत न्हाई म्हनं," आई म्हणाली.

"दे म्हंते न्हवं! उगा लांबवू नको."

आईनं बाटली दिली, आणि काकीच्या घरी जाऊन, कडेला कसं लावायचं, खाली जागा किती सोडायची, हे सगळं उभं राहून सुनेला दाखवलं. दीड तास ती बोलत होती. वडील बोलवायला गेले तेव्हा आली.

माझ्या आईवडिलांनी मला शिकवलं, स्वतः पेज खाऊन. त्या शिक्षणातून मी कपाट आणलं, आणि ते टिकलं मात्र वडिलांच्या ज्ञानामुळं. दुकानात खोकी ठेवून घेणारा तो दुकानदार, भांडी हलवू न देणारे आमचे साहेब, यांचे आभार मी तोंडावर मानले आहेत. इथं पुन्हा मानते.

कपाटाचा सातवा पावसाळा गेल्या महिन्यात संपला. आईचं ऑपरेशन करावं लागलं नाही. आमच्या घरचा दोन वेळचा स्वयंपाक तीच करते, उभी राहून.