गाऱ्हाण्यातली संमती

रत्नागिरीत मी कायद्याच्या मुलांना क्रीडा कायदा शिकवते. सुरुवातीचे तास नुसते शब्दांचे असतात. करार, निष्काळजीपणा, नुकसानभरपाई हे शब्द मी हसतखेळत उरकते. ‘संमती’ आली की मात्र माझं डोकं फिरतं. ज्याने धोका जाणूनबुजून पत्करला, त्याला इजेबद्दल दाद मागता येत नाही, असा तो साधा नियम. मुलं लिहून घेतात आणि पुढच्या शब्दाची वाट बघतात. मला पुढे जाता येत नाही, कारण त्या नियमामुळे माझ्या धाकट्या भावाला न्याय मिळाला नाही.

भाऊ कबड्डी खेळायचा. त्याची चढाई बघायला पार गुहागरकडून माणसं यायची आणि तोही तेवढाच शेफारायचा. त्या वर्षी गावच्या मंडळाने बघ्यांना बसायला म्हणून मैदानाच्या रेषेला चिकटून जांभ्या दगडाचे चिरे मांडले. रेषेबाहेर मोकळी जागा सोडायची असते. पण बसायची सोय झाली ना, मग नियम गेला खड्ड्यात! चढाईत चौघांनी भावाला धरलं, सगळे मिळून रेषेबाहेर कोलमडले आणि त्याची मान चिऱ्यावर आपटली. तेव्हापासून मानेखालचं अंग त्याचं नाही.

मंडळावर दावा लावला तो त्याच्या हट्टाने. गावात जो तो म्हणत होता, जपून खेळायला काय झालं होतं याला! भाऊ मला म्हणाला, “ताय, चूक माजी नव्हती, येवढा तरी कोर्टाकडना लिवून आण.” त्याला दुसरं काही नको होतं.

त्याची साक्ष घरीच, खाटेवर झाली. मंडळाच्या वकिलाने चिऱ्यांचं नावही काढलं नाही. सामन्याआधी देवळात गाऱ्हाणं झालं का, एवढंच विचारलं. गुरवाने सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेल्या या गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे सामन्याचा नारळ फुटत नाही. भाऊ हो म्हणाला.

“गुरव काय म्हणाले?”

भावाने पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं, “बा देवा म्हाराजा, आज ही पोरां मैदानात उतरतायत. कोणाच्या हातापायाला लागला-खुपला तर तू राखण कर रे म्हाराजा!”

“आणि तुम्ही?”

“व्हय म्हाराजा.”

“म्हणजे लागू शकतं हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी उतरलात.”

मी बहीण म्हणून कोपऱ्यात उभी होते. राग असा आला होता की दात आवळून धरावे लागले. गाऱ्हाण्याला सगळा गाव ‘व्हय’ म्हणतो. कडेवरचं पोरही म्हणतं. ते देवाला घातलेलं साकडं असतं, मंडळाला दिलेली माफी नव्हे. आमच्या वकिलांनी हे सगळं मांडलं. खेळाडूची संमती पकडीला असते, चिऱ्याला नसते, हेही मांडलं. दावा फेटाळला गेला. धोका दिसत असताना तो राजीखुशीने खेळला, असं निकालात आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी घरात बघितलं. भावाने निकाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

यंदा शिमग्यात पालखी अंगणात आली. आईने गुरवाला भावासाठी गाऱ्हाणं घालायला सांगितलं आणि खाट दाराशी ओढून घेतली. गुरव तेच, आवाजही तोच. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराला पुन्हा पायावर उभा कर रे म्हाराजा!”

अंगण एका सुरात म्हणालं, “व्हय म्हाराजा!” आई भावाच्या कानाशी वाकली. “अरे, व्हय तरी बोल रे बाबा.”

त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, “ताय, मी नाय बोलणार. तूच बोल.”

सज्ञान माणसाची संमती दुसऱ्याला देता येत नाही, हे मी दर वर्षी शिकवते. मी हात जोडले आणि त्याच्या वतीने म्हटलं, “व्हय म्हाराजा.”