बंदूक कवा देनार?

नातवानं चित्रकलेसाठी काळ्या शाईची बाटली उघडली, की मी तिथून उठते. त्या वासानं मला लढाईच्या दिवसांतलं आमचं साताऱ्याचं घर आठवतं. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा सांगलीच्या एका साप्ताहिकासाठी व्यंगचित्रं काढायचा.

त्या दिवशी आष्ट्याची मंडळी मला बघून गेली होती. मुलाचे चुलते पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी मला भिंतीशी उभं करून काठीनं उंची मोजली, मग अंगणात दोनदा चालायला लावलं. मुलगा मान खाली घालून हसू दाबत होता. मला तो आवडला होता. हे सगळं मी एकट्या दादाला सांगितलं.

त्यानं लगेच काठी घेतलेले सुभेदार काढले, समोर भिंतीशी मला उभं केलं. खाली लिहिलं, ‘चाल बरी हाय.’ खोडलं. ‘उंचीत बसतीया, भरती करा.’ तेही खोडलं.

“म्हाताऱ्याच्या तोंडी मजा न्हाई,” तो म्हणाला. “पोरीला बोलू दे. तुला काय वाटलं गं तवा?”

“वाटलं, आता हातात बंदूक देत्यात.”

त्यानं लिहिलं, ‘बंदूक कवा देनार?’ मी पोट धरून हसले.

“छापू नगंस हं.”

“न्हाई गं. घरातल्या घरात.”

पुढच्याच अंकात ते आलं, सुभेदारांच्या काठीसकट आणि माझ्या हनुवटीवरच्या तिळासकट. आष्ट्याहून नकार आला. दादा एवढंच म्हणाला, “लोकं लय हसली गं.”

मी हसत होते तेव्हा टाक हातात धरून तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं होतं, लाडानं बघतोय. तो ओळ जमली का, ते बघत होता.