दोनशे नग

कात्रीबाईंनी जन्मभर मनापासून ऐकलं असेल तर ते लोखंडाचं. माणसांचं ऐकायचा त्यांना कंटाळा होता, आणि सरकारी माणसांचं ऐकायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीरच उठायची. खरं नाव बहुधा रेशनकार्डावर असेल. शिंपी, न्हावी, दवाखान्यातल्या नर्सा, सगळे त्यांना कात्रीबाईच म्हणत.

एकोणिसाव्या वर्षी त्या कात्र्या बनवणाऱ्यांच्या घरात सून म्हणून आल्या. सासऱ्यांनी आठव्या दिवशी समोर दहा पाती टाकली आणि म्हणाले, "यातल्या जोड्या लाव." नवऱ्याला हे कधी जमलं नव्हतं. माणूस भला होता, पण लोखंडापुढे ठार बहिरा. सुनेनं एकेक पातं दोन बोटांत लोंबतं धरलं, खिळ्यानं टिचकी मारली, कान दिला आणि पाच जोड्या लावून दिल्या. दुसऱ्या दिवशीपासून कानस तिच्या हातात आली आणि नवरा गल्ल्यावर बसू लागला. त्यालाही ते बरंच वाटलं.

पाती यायची नदीपलीकडून, म्हणजे शेजारच्या देशातून. तिथला एक लोहार एका पट्टीतून दोन पाती काढायचा, एकाच वेळी तापवायचा, एकाच पाण्यात विझवायचा आणि लाल दोऱ्यानं बांधून पाठवायचा. एका पट्टीतली दोन पाती एकाच सुरात वाजतात. भलत्या पात्याशी संसार थाटला की कात्री कापड चावत बसते. कात्रीबाई ती पाती घासायच्या, त्यांना बाक द्यायच्या आणि मध्ये खिळा ठोकायच्या. लोहारदादांना त्या तीस वर्षांत दोनदाच भेटल्या होत्या. पण ठोके बघून त्यांना कळायचं की या आठवड्यात दादांचा खांदा दुखतोय.

मग दोन्ही सरकारांचं बिनसलं. यांनी त्यांच्या लोखंडावर तिप्पट जकात लावली. त्यांनी यांच्या कापडावर लावली. यांनी मग त्यांच्या काचेवर, त्यांनी यांच्या चामड्यावर. शाळकरी पोरंसुद्धा भांडून लवकर दमतात. पुलावर ट्रकांची रांग लागली आणि लोहारदादांची चिठ्ठी आली: 'बाई, ही शेवटची शंभर जोडी. आता पाठवणं परवडत नाही. भट्टी विझवतोय.'

ती पेटी सोडवायला कात्रीबाई जकात नाक्यावर गेल्या आणि दारातच थबकल्या. टेबलावर पात्यांचा ढीग पडला होता, खाली लाल दोऱ्यांचे तुकडे. मोजायला सोपं जावं म्हणून कारकुनानं सगळे दोरे कापून टाकले होते. कापलेही झकास गेले होते. का नाही जाणार? कारकुनाच्या हातातली कात्री बाईंचीच होती.

"दोनशे नग," नाक्याचे साहेब म्हणाले. "सुटं लोखंड. तिप्पट दर."

"साहेब, शंभर कात्र्या आहेत त्या."

"मला पाती दिसतायत, मावशी. कारागिराचं जोडीचं अवजार असतं तर जुना दर लावला असता. या जोड्या आहेत हे कशावरून?"

"तुमच्या माणसानं सोडवल्या म्हणून सुट्या झाल्या! घटस्फोट तुम्हीच लावायचा आणि वर म्हणायचं लग्नच झालं नव्हतं?"

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी आवाज उतरवला. "एक मार्ग आहे. भंगार म्हणून सही करा. एक पैसा लागणार नाही. माल सरळ आपल्या नव्या पोलाद कारखान्यात वितळायला जाईल. नाहीतर परवा पाच वाजेपर्यंत जोड्या सिद्ध करा. आणि रागावू नका, ही जकात तुमच्यासारख्यांना वाचवायलाच आहे. हा बघा अर्ज, आठ वर्षांपूर्वीचा. पहिली सही तुमचीच."

सही त्यांचीच होती. पलीकडून मशीनच्या स्वस्त कात्र्या आल्या तेव्हा गल्लीतली सात दुकानं बसली होती. कर लावा म्हणून बाईच सगळ्यांना घेऊन कचेरीत गेल्या होत्या. त्याची त्यांना आजही लाज वाटत नव्हती.

"मागितला होता," त्या म्हणाल्या. "तयार कात्र्यांवर. त्या अजून बाजारात ढिगानं मिळतात, आणि तुम्ही जकात लावलीत माझ्या पात्यांवर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! भीक नको पण कुत्रं आवरा, साहेब."

आणि त्यांनी नाक्याच्या ओसरीवर पदर खोचून बैठक मारली.

पहिल्या दिवशी जेमतेम वीस जोड्या लागल्या. पुलावरच्या ट्रकांच्या घरघरीत पात्याचा सूर कुठे ऐकू येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या आणि रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबा, जागचा हलत नाहीयेस, तर इंजिनाला डिझेल कशाला पाजतोस?" तो हसला आणि त्यानं किल्ली फिरवली. मागच्यानं विचारलं काय झालं, त्याला कळलं, त्यानंही बंद केलं. निरोप मागे मागे जात राहिला. थोड्याच वेळात पूल असा शांत झाला की साहेब खुर्चीतून उठून बाहेर बघायला आले. मग टिंग. आणि जरा वेळानं तसाच दुसरा टिंग.

दुपारी बाईंचा मुलगा आला. जुनी नोकरी गेल्यावर दोन वर्षं घरी बसला होता. जकात लागली, नवा पोलाद कारखाना उघडला आणि त्याला भट्टीवर काम मिळालं.

"आई, ऊठ. कारखान्यात सगळे विचारतायत, ही तुझीच आई ना? माझी नोकरी अजून कच्ची आहे."

"विचारू देत. लाज वाटली तर सांग, शेजारीण आहे."

"या जकातीमुळेच मी पोटाला लागलोय. माझ्यासारखे चारशे लागलेत. ते तुला दिसत नाही?"

बाईंनी हातातलं पातं खाली ठेवलं. दोन वर्षं हा पोरगा भिंतीकडे तोंड करून निजायचा, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"दिसतं रे. तुझी भट्टी पेटली याचा आनंद माझ्याइतका कुणाला नाही. पण तिच्यात माझी पाती घालायची नाहीत. एकाचं घर उभं करायला दुसऱ्याचं पाडलंच पाहिजे, हे मला कुणी शहाण्यानं समजावून द्यावं. मग करते सही."

मुलगा चपला काढून शेजारी बसला. त्याला आजोबांचा कान होता, हे त्यानं कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोघांनी साठ जोड्या ओलांडल्या.

तिसऱ्या दिवशी तो रजा टाकून आला. वरिष्ठांनी तोंड वाकडं केलं म्हणे. "करू दे," तो म्हणाला, अगदी आईसारखा. पाचला दहा मिनिटं कमी असताना नव्याण्णव जोड्या लाल दोऱ्यात बांधून टेबलावर उभ्या राहिल्या. साहेबांनी चार-पाच वाजवून बघितल्या. त्यांनाही सूर कळला, आणि कळल्याचं त्यांना लपवता आलं नाही.

"नव्याण्णवला जुना दर," त्यांनी लिहिलं. "आणि हे एकटं पातं?"

"त्याची जोडीदारीण तुमच्याकडे आहे. एकशे नव्याण्णवच आलीत बाहेर."

कारकून चाचरला. एक पातं त्यानं पहिल्याच दिवशी नमुना म्हणून फायलीला टाचून ठेवलं होतं. साहेबांनी फाईल उघडली. पातं होतं, वर शिक्काही होता.

"दप्तरी जमा झालेला नमुना परत देता येत नाही, मावशी. नियम आहे. या एकट्याला मात्र सुट्या लोखंडाचाच दर पडेल."

मुलगा पुढे सरसावला. बाईंनी त्याला हातानंच मागे सारलं. ते शेवटचं पातं त्यांनी एकदा वाजवलं, पूर्ण विरेपर्यंत ऐकलं आणि फायलीतल्या पात्याशेजारी ठेवून दिलं.

"हेही जमा करून घ्या. तुमच्या हिशेबानं दोन नग झाले." त्यांनी जमिनीवरचा लाल दोऱ्याचा तुकडा उचलून साहेबांपुढे धरला. "एवढा कापून दाखवा."

साहेबांनी खरोखरच एक पातं या हातात घेतलं, एक त्या हातात. दोरा नुसता घसरत राहिला. दारात जमलेल्या ड्रायव्हरांपैकी कुणी तरी फिस्सकन हसलं. कारकुनानं बाईंच्या कात्रीवर हळूच फाईल सरकवली.

मुलानं पेटी खांद्यावर घेतली होती. बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मधला खिळा माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "जकात उठली की कळवा, ठोकून देईन."