होम हलवताना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही सुलभाताईंना ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

बनारसमध्ये आमची मराठी घरं थोडी. राजा घाटाजवळच्या गल्लीत दीक्षित गुरुजी राहायचे. सुलभाताई त्यांची मुलगी. गुरुजींच्या घराण्याची वेदपठणाची एक वेगळी पद्धत होती, आणि ती पूर्ण येणारे तेवढे एकटेच उरले होते. आमच्या संस्थेत ताई त्यांचं पठण रेकॉर्ड करायच्या. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळायचो. सगळे मला जादूगार म्हणायचे, आणि मला ते आवडायचं — फार आवडायचं.

डिस्क भरत आली होती. सगळ्यांच्या फायली ज्या होम डिरेक्टरीत असतात, ती नव्या डिस्कवरच्या वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनवर, हलवायचं ठरलं. काम अवघड नाही. एकच पथ्य — आधी सगळ्यांना काम थांबवायला सांगायचं. मला माहीत नव्हतं का? मीच नव्या लोकांना शिकवायचो! पण साहेबांपुढे फुशारकी मारली होती, कुणाला पत्ताही लागणार नाही म्हणून. बाजूच्या खोलीत गुरुजींचा आवाज छान लागला होता. दार उघडून 'ताई, जरा थांबा' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

कॉपी ताईंच्या फोल्डरवरून पुढे निघून गेली, आणि ताई जुन्याच जागी सेव्ह करत राहिल्या. मी नवं पार्टिशन जोडलं. जुनं-नवं ताडून पाहायला हवं होतं — पाहिलं नाही. जुनं पुसून टाकलं आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. "अरे, कालची फाईल दिसतच नाहीये. सेव तर केली होती मी, पक्का."

मला त्याच क्षणी कळलं. पुसलेलं कधी कधी परत मिळतं, त्या जागेवर नवं काही लिहिलं जायच्या आत हात थांबवला तर — पण त्यासाठी मशीन बंद करावं लागलं असतं, आणि का, तेही सांगावं लागलं असतं. मी काय म्हणालो? "सेव्ह करायचं राहिलं असेल, ताई. घाईत होतं असं." आणि मशीन चालूच ठेवलं.

त्यांनी विश्वास ठेवला. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणाल्या. त्याआधीच गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. ती परत आलीच नाही. काही महिन्यांत गुरुजीही गेले.

मी भ्याड आहे. मला दुसरा शब्द सापडत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या श्राद्धाला गेलो होतो. पंगतीत ताई स्वतः वाढत होत्या. कुणीतरी रेकॉर्डिंगचा विषय काढला. "बाबांचा तो पाठ माझ्या हातून गेला," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मी सेवच नाही केला." त्यांचे डोळे भरून आले होते. मग माझ्या पानापाशी थांबून त्यांनी विचारलं, अजून खीर वाढू का.

मी हो म्हणालो.