भिंतभर एकच पाटी

शारजातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत रत्नागिरीच्या फिरदोस मुकादमची एकोणीस वर्षं गेली. यंदा वार्षिक दिनाला आपल्या प्राध्यापकांचे शोधनिबंध भिंतीवर लावायचा हुकूम आला. तिने जर्नल्सच्या साइटवर एकेक निबंध उघडला. लिहिले आपल्याच लोकांनी, तपासले दुसऱ्या प्राध्यापकांनी फुकटात, आणि स्क्रीनवर मात्र 'वाचायचा असेल तर विकत घ्या' अशी पाटी! फिरदोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खलास, आता बघाच," म्हणत तिने त्याच पाटीच्या चाळीस प्रती काढून भिंतभर लावल्या.

डीन भडकले. "आपलेच पेपर कुलपात ठेवायची या जर्नल्सची हिंमत कशी होते?"

"हिंमत आपणच दिली, सर," फिरदोस म्हणाली. "प्राध्यापकांच्या प्रमोशनच्या फॉर्मवर फक्त याच जर्नल्सच्या नावाला मार्क आहेत. खाली सही तुमची आहे."