बाईंचा प्रश्न : किती वाजता?

श्रीमती इंदुमतीबाई शिवलकर यांची आणि माझी पहिली भेट बंदराकडच्या रस्त्यावरील माझ्या औषधांच्या दुकानात झाली. परिचारिकेची नोकरी संपवून त्या नुकत्याच रत्नागिरीत आपल्या घरी परतल्या होत्या. काउंटरवर हात ठेवून त्यांनी विचारले, "गर्द घेणारी माणसं तुमच्याकडे सुया मागायला किती वाजता येतात?"

"मी त्यांना देत नाही," मी ताठपणे म्हणालो.

"ते नाही विचारलं. किती वाजता येतात?"

मला सांगता येईना. हा लेख लिहायला घेताना मी त्या दिवसाची डायरी काढून पाहिली. बाईंचे मोठेपण मला तेव्हाच उमगले होते, असे लिहिण्याचा मोह होत होता. डायरीत एवढेच आहे : "एक तिरसट बाई आल्या. काही न घेता गेल्या." दुसऱ्या दिवसापासून मात्र खाली वेळा टिपलेल्या दिसतात. प्रश्न मला चिकटला होता. बहुतेक जण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येत.

ते टिपण घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. पडवीत चार-पाच पुरुष बसले होते. त्यांतला यशवंत ट्रॉलरवर खलाशी, तिशी ओलांडलेला. मुंबईच्या गोदीत कामाला असताना तो गर्द ओढू लागला आणि पुढे टोचून घेऊ लागला. बाईंनी स्टोव्हवर काचेची सिरिंज आणि सुई उकळत ठेवली होती. पाणी खळखळल्यापासून वीस मिनिटे, असे त्या म्हणाल्या तेव्हा यशवंत हसला.

"बाई, हात लटपटायला लागले की वीस मिन्टं कोण थांबतो ओ? शेजाऱ्याची सुई घ्यायची नि मोकळं व्हायचं."

मला वाटले, आता बाई रागावणार. त्या उलट पाट पुढे ओढून बसल्या.

"आज तिथी कुठली?"

"चतुर्थी."

"भरती किती वाजता?"

"तिथीचा पाऊणपट. तीनला." किनाऱ्यावर हे गणित ज्याला त्याला येते, यात विचारण्यासारखे काय, असा त्याचा चेहरा होता.

"ती समुद्राची झाली. तुझी किती वाजता?"

यशवंत बोटांवर मोजू लागला. "सकाळी घेतलंय... म्हणजे अडीचला जांभया. तीनला नाक गळायला लागतं. चारला काय सुचत नाय."

"आणि होडी बांधतोस ती पाणी चढल्यावर, की आधी?"

"आधीच की, बाई!"

बाईंची कामाची रीत मला त्या दिवशी कळली. उकळायचे ते सकाळी, हात स्थिर असताना. प्रत्येकाचा स्वतःचा डबा, त्याला स्वतःच्या रंगाचा दोरा. दार लावून एकट्याने घ्यायचे नाही. शिमग्याला गावी जाऊन आठ दिवस खंड पडला, तर पूर्वीएवढे अंगाला झेपत नाही. त्याने जीव जातो. हे त्या क्वचितच सांगत. प्रश्न विचारून ज्याच्या त्याच्या तोंडून काढून घेत. मी सुया ठेवायचे कबूल केले.

आमच्या आळीतल्या एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना हे रुचले नाही. "त्यांना सोडायला का नाही सांगत?" त्यांनी दुकानातच बाईंना अडवले.

"रोज विचारते," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारलंत?"

आता माझ्याबद्दल एक गोष्ट. ती गाळली तर हा लेख खोटा ठरेल. एका शनिवारी सकाळी अकरा वाजता यशवंत आला. त्याची सुई बोथट झाली होती, नवी हवी होती. काउंटरपाशी तेच मुख्याध्यापक उभे होते. मी म्हणालो, "संपल्यात." खणात डझनभर सुया होत्या. यशवंतने एकदा खणाकडे पाहिले आणि तो गेला. त्या दुपारी त्याने आणि आणखी एकाने मिळून एकच सुई वापरली.

दोन महिन्यांनी यशवंतचे डोळे पिवळे झाले. कावीळ अशी वाढली, की इस्पितळात आठवडाभर त्याचे काही खरे नव्हते. त्याच सुईने झाली की आधीच्या एखाद्या, हे सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आडोशाला मी काही दिवस काढले. मग बाईंकडे जाऊन सगळे सांगितले.

"किती वाजता आला होता तो?" त्यांनी विचारले.

"अकराला."

"म्हणजे वेळेवर आला होता," बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या. मला वाटले, आता माझे तोंडही पाहणार नाहीत. त्या डबा घेऊन बाहेर आल्या. "पेज आहे. गरम आहे तोवर त्याला नेऊन द्या. उद्याही याल."

मला करायला काही तरी दिले, ही बाईंनी माझ्यावर केलेली माया. पंधरा दिवस मी पेज नेली. पहिल्या दिवशी यशवंतने डब्याचे झाकण उघडून आत पाहिले आणि क्षीण आवाजात म्हणाला, "काय शेठ, पेज बरी संपली नाय ती?"

तो वाचला. तो सुटला असे मात्र मी लिहिणार नाही. मध्ये सात महिने सोडले होते, पुन्हा लागले, आता पुन्हा सोडले आहे. बाई प्रत्येक वेळी नव्याने विचारतात. बाईंना साठ पूर्ण होतात आणि त्यांच्यावर मी लिहितो आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "ती सुई नाय दिलीत ते लिवा. नायतर बाई वाचून विचारतील."

सत्काराचे निमंत्रण द्यायला मी समितीबरोबर गेलो होतो. बाईंनी पत्रिका न उघडताच विचारले, "किती वाजता?" चार म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. चारला पडवीत माणसे असतात. म्हणून समारंभ सहाला ठेवला आहे.

बाईंच्या गुडघ्यांना बळ आणि डोळ्यांना तेज राहो. पुढची कितीतरी वर्षे त्यांनी न सांगता माझ्या दुकानात यावे, काउंटरवर हात ठेवावा आणि तोच प्रश्न विचारावा. अकरा वाजायच्या आधीच सुयांचा खण उघडलेला असतो, मग समोर कोणीही उभे असो.