सीटखालची पिशवी

दिगू गेल्याची बातमी आली तेव्हा मी दिगूचीच गोष्ट सांगत होतो. काशीत आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या चहाच्या दुकानात पुण्याहून आलेलं एक जोडपं सापडलं होतं, आणि नवे श्रोते दिसले की माझ्या अंगात येतं. बाकावर उभा राहून, गाल फुगवून, एक हात हवेत फेकून मी दिगूचं पोहणं करून दाखवत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुमतीवहिनी, दिगूची बायको. "भावजी, या," एवढंच म्हणाल्या. हवेतला हात खाली घ्यायचंही मला सुचलं नाही... चहावाल्यानेच मला धरून खाली उतरवलं. गोष्ट अर्धीच राहिली. त्याला आता पाच आठवडे झाले. ती गोष्ट या गल्ल्यांमध्ये मी इतक्यांदा सांगितली आहे, की चहावालासुद्धा दिगूला पाहिलं की विचारायचा, "का गुरु, गंगा मइया माफ कइलीं?" आणि दिगू हात जोडून हसायचा. पण त्या गोष्टीतला एक भाग मी कोणालाच सांगितलेला नाही. तो आज लिहितो.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातला, पण नोकरी बँकेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरने साखरेची भीती घातली म्हणून तो पहाटे चालायला लागला, मग पळायला लागला, आणि एके दिवशी मला म्हणाला, "मुकुंदा, अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन करायची म्हणतो." मी विचारलं, अर्धीच का, पैसे कमी पडले? तेव्हा त्याने शांतपणे समजावलं. दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात. प्रत्येक टप्प्याला वेळ ठरलेली, ती चुकली की तिथेच थांबवतात. "आणि पुरी केली तर?" "गळ्यात एक मेडल घालतात." "आपल्याकडे गळ्यात हार घालतात, तेव्हा माणूस पळायच्या अवस्थेत नसतो," मी म्हणालो. असले विनोद मी तेव्हा बिनधास्त करायचो.

तयारीचं वर्ष मात्र फार मजेचं गेलं. पावसाळा ओसरला, पाणी निवळलं की दिगू मुन्शी घाटावर उतरायचा आणि प्रवाहाबरोबर ब्रह्मा घाटापर्यंत पोहायचा. त्याचे कपडे आणि चपला घेऊन मी काठाने पायऱ्या चढत-उतरत जायचो. नावाडी विचारायचे, "पंडितजी पळून चाललेत की काय?" पाण्यात पाय घालण्याआधी दिगू ओंजळभर पाणी डोक्याला लावायचा, कारण आईला आधी पाय लावायचा नाही, तिची माफी मागायची, ही घरची शिकवण. मध्ये मणिकर्णिका लागते. तिथे चिता जळत असायच्या, आणि दिगूचं डोकं आपलं पाण्यात खाली-वर, खाली-वर. एकदा मी विचारलं, तिथून जाताना काय वाटतं रे? म्हणाला, "तिथे मी श्वास मोजत नाही. बाकी सगळीकडे मोजतो."

स्पर्धा दक्षिणेत, समुद्रकाठच्या एका शहरात होती. मी मॅनेजर म्हणून बरोबर गेलो. मॅनेजरचं काम म्हणजे दिगूच्या पिशव्या उचलणं आणि वहिनींनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा सांभाळणं. दिगूला प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायची सवय. सायकलच्या सीटखाली एक मुठीएवढी पिशवी असते, तिच्यात जादा ट्यूब ठेवतात, वाटेत पंक्चर झालं तर बदलायला. आदल्या दुपारी सायकल आयोजकांच्या ताब्यात द्यायची होती. त्याने तीनदा त्या पिशवीची चेन उघडली, तीनदा बंद केली, आणि आंघोळीला गेला. मला राहवलं नाही. मी ट्यूब काढून खिशात घातली आणि तिच्या जागी दोन लाडू कागदात गुंडाळून ठेवले. सकाळी तो चौथ्यांदा उघडेल, लाडू बघेल, मला शिव्या देईल, मी हसून ट्यूब पुढे करीन... असा माझा प्रवेश मी मनात बसवला होता.

सकाळी त्याने पिशवी उघडली नाही. तीनदा बघून झालं होतं ना.

ते मला कळलं तोवर तो पाण्यात होता. वाळूवरून शेकडो माणसं समुद्रात धावत सुटली, आणि दिगू एकटा थांबला, वाकला, ओंजळभर पाणी डोक्याला लावलं आणि मग पाय टाकला. दोन श्वासांचं काम. मी हसत होतो. हसता हसता हात खिशात गेला. मी धावत सायकलींच्या आवाराकडे गेलो. दारावरच्या मुलीला ट्यूब दाखवली, सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाहेरची मदत चालत नाही, सर. मी हात जोडले, नाटक केलं, मग खरोखर रडकुंडीला आलो. ती बिचारी मला पाणी देत राहिली. दिगू पाण्यातून बाहेर आला, कुंपणाच्या पलीकडून मला हात केला आणि सायकल घेऊन गेला. मी ओरडलो, पण तिथे सगळेच ओरडत होते. त्याला वाटलं मी उत्तेजन देतोय.

पुढचे चार तास मी त्या कुंपणाला धरून उभा होतो, खिशात ट्यूब. नव्वदांतले सत्तर किलोमीटर काही झालं नाही. मग मागच्या चाकात खिळा गेला. त्याने पिशवी उघडली... मदतीची गाडी पोचेपर्यंत तो सायकल हातात धरून चालत होता. परत आला तेव्हा वेळ संपून अकरा मिनिटं झाली होती. एका माणसाने त्याच्या पायाला बांधलेली वेळ मोजायची पट्टी सोडवून घेतली, आणि ज्या एकवीस किलोमीटरसाठी तो वर्षभर झिजला होता ते तिथे समोर पडून राहिले. माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, "लाडू छान होते." त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही.

परतीच्या गाडीत कोणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाण्यातच उशीर झाला. ती आयती संधी मी घेतली. काशीला पोचेपर्यंत माझी गोष्ट तयार होती. पंडितजी समुद्राची माफी मागत बसले, दोन श्वासांची मी दहा मिनिटं केली, वर मंत्र घातले, शंख घातला. गल्ली हसून लोळली. दिगूही हसला.

त्याने पुढच्या वर्षासाठी पुन्हा नाव घातलं. स्पर्धेला चार महिने राहिले असताना त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणून सुरुवात झाली, आणि तपासण्या संपल्या तेव्हा डॉक्टर वहिनींशी न बोलता माझ्याशी बोलले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी त्याच्या खाटेपाशी होतो. पाय काठीसारखे झाले होते. घड्याळ बघून म्हणाला, "आता उतरले असतील पाण्यात." थोड्या वेळाने म्हणाला, "मुकुंदा, सांग की. तू सांग, मी करतो." आयुष्यात एवढ्या गोष्टी सांगितल्या, पण ही कुठून सुरू करावी ते कळेना. तरी सांगितलं. पाण्यात उतरवलं, बाहेर काढलं, सायकलवर बसवलं, वारा पाठीशी दिला. ऐंशी किलोमीटर झाले म्हटल्यावर त्याने बोट वर केलं.

"पंक्चर राहिलं."

"या वेळी नाही झालं."

"होऊ दे. ट्यूब आहे माझ्याकडे."

मी पंक्चर केलं. त्याने डोळे मिटून ट्यूब बदलली, बोटं चादरीवर हलत होती. मग मी त्याला पळायला लावलं. चौदाव्या किलोमीटरला त्याला झोप लागली. मी तिथेच थांबलो. पुढचे सात मी त्याला नंतर सांगणार होतो.

मणिकर्णिकेवर नेलं त्या दिवशी सगळं आटोपल्यावर माणसं गल्लीतून घरी गेली. मी काठाकाठाने ब्रह्मा घाटापर्यंत गेलो. हातात कपडे नव्हते, चपला नव्हत्या. पायऱ्या चढायला फार जड गेल्या.

तेराव्यानंतर वहिनींना म्हणालो, तुम्हाला एक सांगायचंय. त्या परातीतले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाडवांचं ना?" एक खडा बाजूला टाकून पुढे म्हणाल्या, "डबा परत आला तेव्हा मी विचारलं, तुम्हाला एक तरी मिळाला का, की सगळे भावजींनीच संपवले? तेव्हा त्यांनी सांगितलं. तुम्ही इथे बसून ती माफीची गोष्ट रंगवायला लागलात की ते मला डोळ्यांनी गप्प करायचे."

"मग आज का बोललात?"

"आज गप्प करायला कोण आहे?"

त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. साखर नेहमीएवढीच होती.

सायकल अजून त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे. तिचं मागचं चाक हळूहळू बसतं, म्हणून दर रविवारी जाऊन मी हवा भरतो. वहिनी काही म्हणत नाहीत, पंप दाराशी काढून ठेवतात. मग मी सीटखालची पिशवी उघडतो. आत ट्यूब असते, पावडर लावून नीट घडी घातलेली, त्याच्या हातची. बंद करतो. परत उघडतो. तीनदा बघून होतं. पण तिसऱ्यांदा बघून झाल्यावर काय होऊ शकतं ते मला ठाऊक आहे, म्हणून चौथ्यांदा बघतो.